‘ते तर उत्तर हाय, तिकडं कशाला घालायचं?’ : नववीतल्या एका पोराच्या बीजगणिताचं प्रकरण

बीएडच्या दुसऱ्या वर्षाला आंतरवासिता असते, म्हणजे शाळेत जाऊन बसायचं, पाठ घ्यायचे, टाचणं काढायची आणि त्यातच एका विद्यार्थ्याचा प्रकरण अभ्यास करून फाईल द्यायची. बहुतेक जण काय करतात, वर्गातलं सगळ्यात गप्प नाहीतर सगळ्यात दंगेखोर पोरगं धरतात, ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’, ‘समस्येची कारणे’, ‘उपाययोजना’ असे मथळे टाकतात आणि चार पानांत उरकतात. माझ्या फाईलमध्येही ते मथळे आहेतच, नसले तर मार्क जातात. पण त्या मथळ्यांत जे बसलं नाही ते इथे सविस्तर लिहितेय, गणित शिकवणाऱ्यांना आणि घरी पोरांचा अभ्यास घेणाऱ्या आईबापांनाही कामाला येईल म्हणून.

मुलगा नववीत, सेमीचा, शाळा सोलापूर जिल्ह्यातल्या डाळिंबाच्या पट्ट्यातली. नाव देत नाही. वर्गात त्याला सगळे शेठ म्हणतात कारण त्याचे वडील एका डाळिंब व्यापाऱ्याकडे दिवाणजी आहेत आणि सुट्टीच्या दिवशी हा त्यांच्या शेजारी बसून शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाच्या पावत्या, लिहितो. मी पण शेठच म्हणते. अक्षर चांगलं, हजेरी बरी, मागच्या बाकावर बसणारा पण त्रास न देणारा. घटक चाचणीत भूमितीला २० पैकी १३ आणि बीजगणिताला ४.

हे १३ आणि ४ बघूनच मी त्याला निवडला. गणितात कच्चा म्हणावं तर भूमितीत पोरगं प्रमेय लिहितंय, आकृती काढतंय, कारणं देतंय. आळशी म्हणावं तर बीजगणिताच्या पेपरात एकही उदाहरण सोडलेलं नव्हतं, सगळी सोडवलेली आणि जवळजवळ सगळी चुकलेली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, नववी-दहावीला गणिताची दोन पुस्तकं असतात, भाग १ बीजगणित आणि भाग २ भूमिती, आणि दहावीला ४०-४० चे दोन पेपर अधिक २० अंतर्गत. पास एकत्र धरतात, त्यामुळे ‘बीजगणित गेलं तर भूमितीवर ओढून नेऊ’ असा हिशोब पोरं उघड उघड करतात. शेठचाही तोच प्लॅन होता.

शाळेतल्या सरांना विचारलं तर म्हणाले, “कोरोना बॅच आहे मॅडम, बेसिकच नाही.” वर्गशिक्षिका म्हणाल्या, “बाजारात हिशोब फाडफाड करतो, इथे डोकं चालत नाही, म्हणजे लक्षच नाही.” दोन्ही खरं असू शकतं, पण दोन्हीतून पुढे करायचं काय ते कळत नाही.

मी वर्गात सगळ्यांनाच ‘गणित आणि मी’ असं एक पान लिहायला सांगितलं होतं. बऱ्याच जणांनी ‘गणित हा माझा आवडता विषय आहे, गणितामुळे व्यवहारज्ञान मिळते’ असा निबंध पाडला. शेठचं पान वेगळं होतं, त्यातला भाग त्याच्याच शब्दांत, शुद्धलेखन थोडं नीट करून देते:

“चौथीपर्यंत गणित आवडायचं. पाढे तीसपर्यंत पाठ होते. पाचवीला सेमी घेतलं आणि शाळा बंद झाली. मोबाईल पप्पांचा, तो सकाळी बाजारात जायचा. शाळा चालू झाली तेव्हा सर एकदम एक्स म्हणायला लागले. मला वाटलं एक्स म्हणजे गुणिले, म्हणून मी सगळीकडे गुणाकार केला. मग सरांनी सांगितलं की आकडा तिकडं नेला की चिन्ह बदलतं. ते मला आवडलं कारण सोपं होतं. तेव्हापासून मी सगळं तिकडं नेतो. कधी बरोबर येतं, कधी येत नाही. बरोबर आलं तर का आलं ते पण कळत नाही.”

शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. चूक का झाली हे कळत नाही असं म्हणणारी पोरं खूप असतात, पण बरोबर का आलं तेही कळत नाही हे लक्षात येणं आणि वर ते मॅडमना लिहून देणं, याला अक्कल लागते. हा पोरगा मठ्ठ नाही हे तिथेच नक्की झालं.

सुरुवात बाजारापासूनच केली, कारण सगळे तेच सांगत होते. आणि या विषयावर मोठ्या माणसांचं काम झालेलं आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ वगैरे विकणाऱ्या पोरांवरचा १९८५ चा अभ्यास बीएडच्या वर्गातही सांगतात, गाड्यावर तोंडी हिशोब जवळजवळ शंभर टक्के बरोबर आणि तीच गणितं कागदावर उभी मांडून दिली की निम्मीसुद्धा बरोबर नाहीत. आपल्याकडे अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर असंच काम केलं, २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलं, त्यात उलटी बाजू पण आहे, शाळेतली मुलं कागदावर बरी पण बाजारातल्या हिशोबात अडखळतात.

म्हणून मी शेठला तोंडी विचारलं, एका शेतकऱ्याचे १२ क्रेट आले, हमाली-तोलाई मिळून १८० कापले, हातात ९,४२० पडले, तर क्रेट काय भावाने गेला? वर बघितलं, ओठ हलले, “आठशे.” पाच-सहा सेकंद लागले असतील. मग तेच समीकरण करून दिलं, १२क्ष − १८० = ९४२० (एक्सच्या जागी मी इथे क्ष लिहितेय). त्याने वहीत लिहिलं: १२क्ष = ९४२० + १८०, म्हणजे १२क्ष = ९६००, इथपर्यंत बरोबर, आणि पुढची ओळ, क्ष = ९६०० − १२ = ९५८८. खाली दोन रेघा मारल्या. बारा तिकडं गेले, चिन्ह उलटं झालं, वजा बारा. नियमाप्रमाणे चोख काम!

मी म्हटलं, “अरे शेठ, नऊ हजार पाचशेला क्रेट?” तर तो हसला, म्हणाला, “न्हाई मॅडम, ते एक्स हाय.” म्हणजे मगाशी तो भाव होता, आता एक्स आहे, आणि एक्स नऊ हजाराचा असायला त्याची काही हरकत नव्हती.

इथे थांबून ‘बाजाराचं गणित वर्गात आणा’ असा उपाय लिहिला असता तर फाईल पूर्ण झाली असती आणि सगळ्यांना पटलंही असतं. मी आठवडाभर तसं करूनही बघितलं, प्रत्येक समीकरण क्रेट आणि भावात घालून देत गेले. ती सगळी त्याने तोंडी सोडवली, आणि एकाही वेळेला समीकरण वापरलं नाही. का वापरेल? ९,४२० मध्ये १८० मिळवा, १२ ने भागा, झालं. उलटं चालत गेलं की भाव मिळतो, त्याला क्ष लागतच नाही. सोपी समीकरणं सगळी अशीच असतात, एका बाजूला क्ष, दुसऱ्या बाजूला नुसता आकडा.

म्हणून दोन्ही बाजूंना क्ष असलेलं दिलं: ५क्ष + ३ = २क्ष + १८. आता उलटं चालायला जागाच नाही, कारण सुरुवात कुठून करणार? मेक्सिकोचे गणितशिक्षणाचे अभ्यासक फिलॉय आणि रोजानो या दोघांनी १९८९ मध्ये नेमकं हेच मांडलंय, की अंकगणितातून बीजगणितात जाताना खरी चीर पडते ती क्ष दोन्हीकडे आला की. शेठने काय केलं ते ओळीने लिहिते. २क्ष अलीकडे आणले आणि चिन्ह तसंच ठेवलं, ३ पलीकडे नेले आणि तेही अधिकच राहिले, ५क्ष + २क्ष = १८ + ३, म्हणजे ७क्ष = २१, आणि या वेळी भागाकार केला, क्ष = ३. सात त्रिक एकवीस इतकं स्वच्छ आलं की तो खूश. मी म्हटलं ताळा कर. त्याने डाव्या बाजूला ३ घातले, पाच त्रिक पंधरा आणि तीन अठरा. मग बोट ठेवलं उजवीकडच्या १८ वर, “आलं की मॅडम, अठरा!”

मी म्हटलं, उजव्या बाजूलाही २क्ष आहे ना, तिथेही ३ घाल.

“ते तर उत्तर हाय, तिकडं कशाला घालायचं?”

सगळं प्रकरण या एका वाक्यात आहे असं माझं ठाम मत झालंय. शेठच्या दृष्टीने बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे हिशोब असतो आणि उजवीकडे उत्तर असतं. दोन्ही बाजू सारख्या आहेत असं ते चिन्ह सांगतंय हे त्याच्या गावीही नव्हतं. आणि हे कळलेलं नसेल तर ‘तिकडं नेलं की चिन्ह बदलतं’ हा नियम म्हणजे नुसता मंत्र आहे, म्हटला की कधी पाऊस येतो, कधी येत नाही.

मग मी त्याच्या जुन्या वह्या मागवल्या आणि त्या नजरेने बघितल्या तर पानोपानी तेच. सरासरी काढताना लिहिलंय, १२ + १५ + १८ = ४५ ÷ ३ = १५. उत्तर बरोबर, सरांनी टिक पण केलंय. पण ४५ ÷ ३ म्हणजे १५, आणि डावीकडे १२ + १५ + १८, हे दोन सारखे कुठे आहेत? तिथे बरोबरच्या चिन्हाचा अर्थ ‘मग पुढे’ एवढाच आहे, कॅल्क्युलेटरवर ते बटण दाबलं की आकडा उमटतो तसा. त्याची धाकटी बहीण तिसरीत आहे, तिची वही बघितली, सगळ्या बेरजा-वजाबाक्यांत रिकामी चौकट उजव्या टोकाला. ८ + ५ = चौकट, १४ − ६ = चौकट. चौकट = ८ + ५ असं एकदाही नाही. वर्षानुवर्षं हेच बघितल्यावर पोरगं दुसरं काय समजणार?

एक जुना प्रश्न आहे, ८ + ४ = चौकट + ५ (चौकटीत ७ यायला हवेत). अमेरिकेतल्या सहावीच्या १४५ मुलांना हा दिला होता, १९९९ मध्ये छापून आलंय, आणि सगळ्यांची उत्तरं १२ नाहीतर १७. शेठने १२ लिहिलं. मी म्हटलं, मग ते पुढचं + ५ कशाला आहे? तर म्हणाला, “ते पुढचं गणित असंल.” मग मी तो फळ्यावर लिहून सगळ्या नववीला वहीत सोडवायला सांगितला, आणि पहिल्या बाकावरच्या हुशार मुलींच्या वहीतही १२ सापडले. त्यातल्या एकीला चाचणीत २० पैकी १७ होते! म्हणजे हा काही शेठचा एकट्याचा आजार नाही, त्या मुली नियम जास्त काटेकोर पाळतात म्हणून मार्क येतात एवढंच.

(२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन आलं तेव्हा काय गदारोळ झाला होता आठवतंय ना, व्हॉट्सॲपवर विनोद, टीव्हीवर चर्चा, विषय पार विधिमंडळापर्यंत गेला. ती चर्चा व्हायला हरकत नव्हती, पण चौकट कायम उजवीकडेच का असते यावर मी अजून कुणाला तावातावाने बोलताना ऐकलेलं नाही.)

आता उपाय. सगळी पुस्तकं, सगळे सर, सगळे यूट्यूबवाले इथे तराजू आणतात. दोन पारडी, दोन्हीकडून सारखं काढलं की तराजू समतोल राहतो. मी पण छान रंगीत तक्ता केला होता, पाठाच्या टाचणात ‘शैक्षणिक साधन’ म्हणून लिहायला बरा पडतो. शेठने तक्ता बघितला आणि विचारलं, “मॅडम, ह्यात वजन कुठं दिसतंय?” मला आधी कळेना. मग लक्षात आलं की या पोराचा जन्म इलेक्ट्रॉनिक काट्याच्या जमान्यातला, बाजार समितीत काटा, किराणा दुकानात काटा, रद्दीवाल्याकडेही काटा. वर क्रेट ठेवला की लाल आकडा पेटतो. दोन पारड्यांचा तराजू त्याने पिक्चरमधल्या कोर्टात बघितलाय, डोळ्यावर पट्टी बांधलेल्या बाईच्या हातात. काटा तर उलट त्याचीच समजूत पक्की करतो, इकडे माल ठेवा, तिकडे उत्तर बघा. मी जे उदाहरण समजावण्यासाठी आणलं तेच आधी समजावून सांगायची वेळ आली, म्हणून तक्ता गुंडाळून ठेवला.

यानंतर जे केलं ते थोडं योगायोगाने सुचलं. गणित अध्यापन पद्धतीच्या पेपराला भारतीय गणितज्ञांचं योगदान असा एक प्रश्न हमखास असतो, त्यात भास्कराचार्य, जन्म १११४, लीलावती, बीजगणित, एवढं लिहिलं की भागतं. मी त्याची तयारी करत होते आणि भास्कराचार्यांच्या बीजगणितात समीकरण मांडायची रीत बघितली. त्यात बरोबरचं चिन्हच नाही! नसणारच, ते चिन्ह १५५७ मध्ये रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या वेल्सच्या माणसाने काढलं. आपल्याकडे दोन्ही पक्ष, म्हणजे समीकरणाच्या दोन बाजू, एकाखाली एक लिहायचे. अव्यक्त, म्हणजे माहीत नसलेल्या, संख्येला यावत्तावत् म्हणायचे, म्हणून तिचं ‘या’, आणि नुसत्या आकड्याला रूप, म्हणून ‘रू’. एकापेक्षा जास्त अव्यक्त असले तर पुढच्यांना रंगांची नावं, काळा, निळा, पिवळा. वजा संख्येच्या डोक्यावर टिंब. म्हणजे शेठचं ते समीकरण असं दिसेल:

या ५ रू ३
या २ रू १८

बस, दोन ओळी. वरची आणि खालची सारख्या किमतीच्या आहेत, आणि दोन्हींतून सारखं सारखं वजा करत जायचं, त्याला समशोधन म्हणायचे.

मी शेठला ‘या’ आणि ‘रू’ सांगितलंच नाही, उगाच आणखी दोन अक्षरं कशाला. दोन शेतकऱ्यांच्या पट्ट्या एकाखाली एक लिहिल्या. वरच्याचे ५ क्रेट आणि ३०० रोख, खालच्याचे २ क्रेट आणि १,८०० रोख. भाव एकच, आणि दोघांची एकूण रक्कम सारखीच झाली. भाव सांग. इथे मुद्दाम लक्ष द्या, हा बाजाराचा हिशोब दिसतो पण बाजारात असं कधीच घडत नाही, आधी रक्कम सारखी आहे हे माहीत आणि भाव माहीत नाही असं कुठल्या दिवाणजीला होतं? शेठनेही ते लगेच ओळखलं, म्हणाला, “असं कुठं असतंय?” मी म्हटलं असू दे, समज. थोडा वेळ गेला. पेन्सिल वरच्या ओळीवरून खालच्या ओळीवर, परत वर. मग म्हणाला, “दोघांचं दोन-दोन क्रेट बाजूला काढू काय?”

काढ म्हटलं. वर ३ क्रेट आणि ३००, खाली नुसते १,८००. मग स्वतःच, “आता तीनशे बी काढतो दोघांचं.” वर ३ क्रेट, खाली १,५००. “पाचशे.”

मग तेच आकडे, क्रेट-बिरेट काहीही नाही, ५क्ष + ३ वर आणि २क्ष + १८ खाली. दोन-दोन क्ष काढले, तीन-तीन काढले, ३क्ष आणि १५, क्ष ५. ताळा करताना वरच्या ओळीत ५ घातले, २८. आणि कुणी न सांगता खालच्या ओळीतही घातले, कारण आता ती ओळ ‘उत्तर’ नव्हती, दुसऱ्या शेतकऱ्याची पट्टी होती. तिथेही २८. त्या २८ ला त्याने गोल केला.

या रीतीने आम्ही बरीच उदाहरणं केली, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर. थोड्या दिवसांनी मी दोन ओळी परत आडव्या केल्या आणि मध्ये बरोबरचं चिन्ह आणून ठेवलं. सुरुवातीला तो परत जुन्या सवयीवर गेला, मग वहीच्या कडेला बारीक अक्षरात दोन ओळी मांडायचा आणि तिथून बघून आडवं लिहायचा. एक दिवस असंच लिहिताना थांबला आणि म्हणाला, “म्हंजी मॅडम, तिकडं जात न्हाईच काय. हितलं तीन गेलं आन् तिथलं बी तीन गेलं. आपल्याला निस्तं तिकडं गेल्यागत दिसतंय.”

पक्षांतराचा, म्हणजे ‘तिकडं नेलं की चिन्ह बदलतं’ हा, नियम इतक्या सोप्या शब्दांत मी कुठल्याच पुस्तकात वाचलेला नाही. १२क्ष = ९६०० पण मग सुटलं, बारा वजा होत नाहीत, दोन्हींचे बारा-बारा वाटे करायचे. आणि ९५८८ वर तो स्वतःच हसला.

पण सगळं गोड झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. वजाबाकी आली की गाडी अडायची. ४क्ष − ७ = २क्ष + ५ यात वरच्या ओळीतून वजा सात ‘काढायचे’ म्हणजे नक्की काय करायचं? उधारी म्हणून सांगितलं, वरच्याच्या अंगावर सातची उधारी आहे, ती मिटवायला दोघांनाही सात-सात द्या. “खालच्याला का द्यायचं, त्याची कुठं उधारी हाय?” हा त्याचा प्रश्न व्यवहारात एकदम रास्त आहे! शेवटी, दोघांची रक्कम सारखी ठेवायची म्हणून द्यायचं, यावर मिटवलं, पण ते त्याला मनापासून पटलंय असं मला वाटत नाही, तो ते नियम म्हणून करतो. अपूर्णांकाची समीकरणं तर या मांडणीत धड बसतच नाहीत. आणि शाब्दिक उदाहरणं, ‘वडिलांचे वय मुलाच्या वयाच्या तिपटीपेक्षा ४ ने जास्त’ वगैरे, तिथे समीकरण मांडतानाच तो अडकतो, सोडवायची वेळच येत नाही. त्यावर माझ्याकडे वेळ उरला नव्हता.

पुढच्या चाचणीत त्याला बीजगणितात २० पैकी ९ पडले. यातले किती दोन ओळींमुळे आणि किती रोज कुणीतरी शेजारी बसून लक्ष दिल्यामुळे, हे मला वेगळं करून सांगता येणार नाही. एकाच पोराच्या अभ्यासातून ते कळतही नाही. फाईलमध्ये मात्र ‘उपाययोजनेमुळे संपादणुकीत वाढ झाली’ असं लिहावं लागलं.

शाळेच्या सरांना मी हे सगळं सांगितलं. त्यांचं म्हणणं पण देते, कारण त्यात तथ्य आहे. ते म्हणाले, “मॅडम, तुमचं बरोबर आहे, पण वर्गात साठ पोरं आहेत आणि मला पोर्शन संपवायचाय. चिन्ह बदलायचा नियम दिला की तीस-पस्तीस जणांना तरी लगेच जमतं. तुम्ही एका पोराला जेवढा वेळ दिलात तेवढा मी पूर्ण धड्याला देतो.” यावर माझ्याकडे मोठं उत्तर नाही. एवढंच वाटतं की खर्च सगळा नववीत करायची गरजच नाही. पहिली-दुसरीत चौकट कधी डावीकडे, कधी मध्ये टाकली, १३ = चौकट + ५ असं लिहिलं, आणि १२ + १५ + १८ = ४५ ÷ ३ अशा साखळीला टिक करायच्या ऐवजी दोन ओळींत लिहायला लावलं, तर जास्तीचा तासही लागत नाही. सरांनी नववीत दोन ओळींची मांडणी ‘ताळा करताना वापरतो’ असं मान्य केलं, तेवढ्यावर मी समाधानी आहे.

आंतरवासिता संपायच्या आदल्या आठवड्यात शेठ एक उदाहरण घेऊन आला. कुठल्यातरी गाईडमधून काढलेलं, २(क्ष + ३) = २क्ष + ६. कंस सोडवून दोन ओळी मांडल्या होत्या, दोन-दोन क्ष कापले, सहा-सहा कापले, आणि वर शून्य, खाली शून्य. “सगळंच कटलं मॅडम. हिशोब मिटला पण भाव कळलाच न्हाई. चुकलं काय?”

कुठेच चुकलं नव्हतं. मी म्हटलं, कुठलाही भाव घालून बघ. त्याने १ घातला, दोन्हीकडे ८. १० घातला, २६ आणि २६. मग अर्थातच ८००, आणि १,६०६ दोन्हीकडे आल्यावर माझ्याकडे जरा संशयाने बघितलं. दहावीच्या त्रिकोणमितीत अशा नित्य समानता, म्हणजे कुठलीही किंमत घातली तरी खऱ्या राहणाऱ्या, सिद्ध करायला येतात हे मी सांगितलं, त्यावर त्याचा एकच प्रश्न होता, पेपरात असलं आलं तर क्ष बरोबर काय ल्ह्यायचं? मी म्हटलं, तुला काय वाटतं ते लिही. त्याने लिहिलं, ‘कोणताही भाव चालतो.’ पेपर तपासणाऱ्याने ‘भाव’ या शब्दाचा अर्धा मार्क कापला तरी उरलेले द्यायला हवेत असं माझं मत आहे.